आतड्यातील सजीव पहारेकरी



आज ज्या विषयावर मी बोलणार आहे तो वैद्यकशास्त्राचा आहे. परंतु हथखोजच्या श्रोत्यांपुढे त्याची सुरुवात परिचयाच्या गोष्टीपासून करणे मला इष्ट वाटते. भिलाईच्या पोलाद कारखान्याची पहिली झोतभट्टी ४ फेब्रुवारी १९५९ रोजी राष्ट्रपती डॉ. राजेंद्र प्रसाद यांच्या हस्ते सुरू झाली. झोतभट्टी एकदा पेटविली म्हणजे ती वर्षानुवर्षे चालू ठेवावी लागते. तिचे अस्तर आतून कोठे झिजले आहे हे दार उघडून पाहण्याची सोय नसते. म्हणून तिच्यावर देखरेख ठेवणारे लोक दोन मार्गांनी आतली वार्ता काढतात. भट्टीच्या माथ्यातून जो वायू बाहेर पडतो त्याचे पृथक्करण करून ते आतल्या ज्वलनाचा अंदाज बांधतात. आणि अस्तराच्या विटांमध्ये जागोजागी तपयुग्मे बसवून तेथील तापमान वाचतात. पहिला मार्ग सोपा आहे, पण त्यातून मिळणारी माहिती साऱ्या भट्टीची मिळून असते. दुसरा मार्ग नेमका आहे, पण त्यासाठी उपकरण आतच बसवावे लागते आणि तेथील परिस्थिती सोसून ते टिकावे लागते.

मनुष्याच्या आतड्याची गोष्ट फारशी निराळी नाही. तेही जन्मभर अखंड चालते, आणि त्याच्याही आतल्या अस्तराची झीज बाहेरून दिसत नाही. काही माणसांच्या आतड्याचे हे अस्तर वारंवार सुजते, लाल होते, त्यावर व्रण पडतात. याला आपण आतड्याचा दाह म्हणतो. मोठ्या आतड्याचा व्रणकारी दाह आणि १९३२ साली न्यूयॉर्कच्या बरिल क्रोन व त्यांच्या सहकाऱ्यांनी वर्णन केलेला क्रोनचा विकार हे त्याचे दोन प्रमुख प्रकार होत. हे पाश्चात्यांचे विकार आहेत असा समज आपल्याकडे पुष्कळ काळ होता. पंजाबातील एका पाहणीचे निष्कर्ष २००३ साली प्रसिद्ध झाले तेव्हा व्रणकारी दाहाचे दर लाखामागे सुमारे ४४ रुग्ण तेथे आढळले, आणि त्या समजाला आधार उरला नाही.

या विकारांचा स्वभाव असा की, ते काही काळ शांत राहतात आणि मग अकस्मात उफाळतात. रुग्णाला रक्ताचे जुलाब होऊ लागतात तेव्हा दाह बहुधा आधीच पसरलेला असतो. तो लवकर ओळखावा तर दुर्बिणीची तपासणी करावी लागते. तिच्यासाठी आतडे धुऊन रिकामे करावे लागते, खर्च येतो, आणि जन्मभराच्या दुखण्यात ती दर महिन्याला करणे कोणालाच परवडत नाही. मलाची तपासणी करून पांढऱ्या पेशींतील कॅलप्रोटेक्टिन हे प्रथिन मोजण्याची पद्धत आता रूढ झाली आहे. तिचा उपयोग मोठा आहे. पण ती भट्टीच्या माथ्यावरील वायूच्या पृथक्करणासारखी आहे. ज्या दिवशी नमुना घेतला त्या दिवसापुरते ती सांगते. आतड्यातील काही पदार्थ तर असे क्षणजीवी असतात की, ते बाहेर पडेपर्यंत नाहीसे होतात. त्यांची खबर काढायची तर आत बसलेला साक्षीदार हवा.

हा साक्षीदार म्हणून कोणाची निवड करावी? आपल्या ग्रामीण भागातील कोटवार आपणां सर्वांस ठाऊक आहे. तो बाहेरून आणलेला शिपाई नसतो, गावचाच रहिवासी असतो. गावात काय घडले ते तो पाहतो, जन्ममृत्यूची वर्दी वर पोचवितो, आणि त्याच्या निर्वाहासाठी गावातच त्याला जमीन लावून दिलेली असते. आतड्यातही असे रहिवासी आहेत. एका प्रौढ माणसाच्या शरीरात सुमारे ३८ लाख कोटी जंतू असतात असा अंदाज २०१६ साली प्रसिद्ध झाला, आणि त्यांपैकी बहुतेक सर्व मोठ्या आतड्यात राहतात. १८८५ साली थिओडोर एशेरिख या वैद्याने तान्ह्या मुलांच्या मलातून ज्या जंतूचे वर्णन केले तो ई. कोलाय हा त्यांपैकीच एक. संख्येने तो अल्प आहे. पण त्याच्या जनुकांविषयी माणसाला जितकी माहिती आहे तितकी क्वचितच दुसऱ्या एखाद्या जिवाविषयी असेल. पहारेकऱ्याच्या कामासाठी शास्त्रज्ञांनी त्याला निवडले.

आता या पहारेकऱ्याने पाहावयाचे काय? येथे थोडे रसायनशास्त्र सांगणे भाग आहे. आतड्यातील काही जंतू हायड्रोजन सल्फाइड हा कुजक्या अंड्यासारख्या वासाचा विषारी वायू निर्माण करतात. आतड्याचे अस्तर त्याचे थायोसल्फेट या निरुपद्रवी पदार्थात रूपांतर करते. एरवी गोष्ट तेथेच संपते. पण दाह सुरू झाला की, रक्तातील पांढऱ्या पेशी तेथे धाव घेतात आणि जंतूंना मारण्यासाठी प्राणवायूची तीव्र संयुगे सोडतात. ती थायोसल्फेटवर क्रिया करतात, आणि टेट्राथायोनेट नावाचे संयुग तयार होते. त्याच्या एका घटकात गंधकाचे चार व प्राणवायूचे सहा अणू असतात. २०१० साली अमेरिकेतील संशोधकांनी असे दाखविले की, साल्मोनेला हा रोगजंतू दाहात निर्माण झालेल्या या टेट्राथायोनेटवर श्वसन करतो आणि त्या बळावर इतर जंतूंवर मात करतो. म्हणजे शरीराने शत्रूवर सोडलेल्या अग्नीचा शत्रूच लाभ घेतो. यात एक गमतीची गोष्ट अशी की, टेट्राथायोनेट घातलेल्या द्रवात या वर्गातील जंतू चांगले वाढतात हे प्रयोगशाळांना १९२३ पासून ठाऊक होते. त्यामागचे कारण उलगडावयास पाऊणशेहून अधिक वर्षे लागली.

साल्मोनेलाला टेट्राथायोनेटचा लाभ घ्यावयाचा तर प्रथम त्याची चाहूल लागली पाहिजे. त्यासाठी त्याच्याजवळ दोन प्रथिनांची जोडी असते. एक प्रथिन पेशीच्या आवरणात बसून टेट्राथायोनेटची चाहूल घेते, आणि दुसरे ती वार्ता जनुकांपर्यंत नेते. हार्वर्ड वैद्यकीय विद्यालयातील पामेला सिल्व्हर यांच्या प्रयोगशाळेत डेव्हिड रिग्लर व त्यांचे सहकारी यांनी ही जोडीच साल्मोनेलातून उचलली आणि उंदराच्या आतड्यातून मिळविलेल्या निरुपद्रवी ई. कोलायमध्ये बसविली. चोराच्या नाकाचा उपयोग पहाऱ्यासाठी करावा, तसा हा प्रकार होय.

परंतु केवळ चाहूल लागून भागत नाही. दाह आतड्याच्या वरच्या भागात झाला आणि जंतू तेथून वाहत बाहेर आला, तर बाहेर येईपर्यंत त्याने पाहिलेले लक्षात ठेवावयास हवे. जंतूला मेंदू नाही, मग स्मरण कोठे ठेवावयाचे? याचे उत्तर एका विषाणूने आधीच शोधून ठेवले होते. १९५१ साली एस्थर लेडरबर्ग यांनी लॅम्डा नावाचा जंतुभक्षी विषाणू प्रकाशात आणला. हा विषाणू ई. कोलायच्या आत शिरल्यावर दोनपैकी एका अवस्थेत राहतो: एकतर तो शांतपणे झोपून राहतो, नाहीतर जागा होऊन पेशी फोडून बाहेर पडतो. या दोन अवस्थांवर दोन प्रथिनांचा ताबा असतो. प्रत्येक प्रथिन दुसऱ्याला दाबून धरते. म्हणून जे एकदा वरचढ ठरले ते वरचढच राहते. यांपैकी झोपवून ठेवणारे प्रथिन १९६७ साली मार्क टाश्ने यांनी वेगळे काढले. घरातील विजेचे बटण एकदा दाबले की बोट काढून घेतल्यावरही दिवा चालू राहतो. ही यंत्रणा तशीच आहे. त्यातही विशेष हे की, पेशीचे विभाजन झाल्यावर दोन्ही कन्यापेशींत बटण त्याच स्थितीत राहते. म्हणजे आईने पाहिलेले लेकीला आठवते.

सिल्व्हर यांच्या प्रयोगशाळेने हे बटण प्रथम २०१४ साली उंदरांच्या आतड्यात वापरून पाहिले. त्या वेळी उंदरांना बाहेरून दिलेले एक रसायन ओळखण्याचे साधे काम जंतूंना दिले होते, आणि रसायन बंद केल्यावरही त्यांना त्याची आठवण राहिली. २०१७ साली याच बटणाला टेट्राथायोनेटची चाहूल जोडण्यात आली. टेट्राथायोनेट भेटले की बटण फिरावयाचे. मग उंदराची विष्ठा घेऊन तीतील जंतू विशिष्ट रंगद्रव्य घातलेल्या थाळीत वाढवावयाचे. ज्यांचे बटण फिरलेले आहे त्यांच्या वसाहती निळ्या दिसतात, इतरांच्या पांढऱ्या. निळ्या-पांढऱ्यांचे प्रमाण मोजले की आत काय घडले ते कळते. साल्मोनेलाचा संसर्ग झालेल्या उंदरांत आणि उपजतच आतड्याच्या दाहाची प्रवृत्ती असलेल्या उंदरांत, अशा दोन्ही ठिकाणी या जंतूंनी दाहाची वर्दी दिली. आणि सहा महिने ते आतड्यात राहून आपले काम करीत राहिले.

सहा महिने ही मुदत ऐकावयास लहान वाटेल. पण तिचे महत्त्व समजून घेतल्याखेरीज या प्रयोगाचे मर्म कळणार नाही. आतड्यात अन्नासाठी अहोरात्र स्पर्धा चाललेली असते. ज्या जंतूवर परक्या जनुकांचा भार आहे तो त्या भारापुरता मागे पडतो. वाटेत कोठेतरी एखाद्या वंशजात उत्परिवर्तन होऊन ते जनुक बिघडते, तो वंशज हलका होतो, वेगाने वाढतो, आणि काही आठवड्यांत साऱ्या वस्तीत काम न करणारेच उरतात. प्रयोगशाळेतील चंचुपात्रात उत्तम चालणाऱ्या अनेक यंत्रणा आतड्यात अशा तऱ्हेने निकामी होतात. सहा महिन्यांत जंतूंच्या शेकडो पिढ्या होतात. एवढ्या पिढ्यांत हे बटण शाबूत राहिले, याचे एक कारण असे मानता येईल की, ते जंतूच्या मुख्य गुणसूत्रात एकाच प्रतीत बसविले होते आणि काम नसताना त्याचा भार अत्यल्प होता. दुसरे असे की, जंतू मुळात उंदराच्याच आतड्याचा रहिवासी होता. कोटवार गावचा असावा आणि त्याने गावाला जड होऊ नये, हा जुना शहाणपणा येथेही खरा ठरला.

यानंतर इतर मार्गांनीही प्रयत्न झाले. २०१८ साली मॅसॅच्युसेट्स तंत्रविद्या संस्थेतील संशोधकांनी रक्त ओळखून प्रकाश देणारे जंतू एका गिळावयाच्या कुपीत बसविले. कुपीतील इलेक्ट्रॉनिक मंडल तो प्रकाश टिपून बिनतारी संदेश बाहेर पाठवीत असे. डुकरांमध्ये हा प्रयोग यशस्वी झाला. २०२३ साली अशाच पण लहान आकाराच्या कुपीने दाहात निर्माण होणारे क्षणजीवी पदार्थ डुकरांच्या आतड्यातच टिपले, आणि त्यांत टेट्राथायोनेटही होते. कुपीतील जंतू बाहेरच्या वस्तीत मिसळत नाहीत. म्हणून ही पद्धत अधिक निर्धोक आहे. पण कुपी आतड्यातून वाटसरूसारखी निघून जाते, वस्ती करून राहत नाही.

आता या पहारेकऱ्याच्या मर्यादा स्पष्ट सांगणे माझे कर्तव्य आहे, कारण नव्या विज्ञानाची वर्णने ऐकून रुग्ण आणि त्यांचे आप्त आशेने पाहू लागतात. हार्वर्डचा प्रयोग उंदरांवरचा आहे. शिवाय तो जंतू ‘दाह झाला’ एवढेच सांगतो. तो कोणत्या दिवशी, आतड्याच्या कोणत्या वळणावर व कोणत्या कारणाने झाला, हे सांगत नाही. ही शेवटची मर्यादा आपल्या देशात विशेष जाचक ठरेल. येथे आतड्याचा क्षय आहे, आमांश आहे, विषमज्वर आहे, दूषित पाण्याने होणारे अतिसार आहेत. क्रोनचा विकार आणि आतड्याचा क्षय यांतील भेद ओळखताना निष्णात वैद्यही अडखळतात. आणि एकाचे औषध दुसऱ्यास घातक ठरू शकते, कारण क्रोनच्या विकारावर दिली जाणारी औषधे शरीराची प्रतिकारशक्ती दाबतात. आग लागली हे सांगणारा पण ती कोणी लावली हे न सांगणारा पहारेकरी आपल्याकडे वारंवार हाक देईल, आणि त्या हाकेचा अर्थ लावण्याचे काम वैद्यालाच करावे लागेल.

दुसरी गोष्ट रहिवाशाची. पुण्यातील राष्ट्रीय पेशी विज्ञान केंद्राचे डॉ. योगेश शौचे व त्यांचे सहकारी यांनी २०१६ साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात भारतीयांच्या आतड्यात प्रीव्होटेला आणि मेगास्फेरा या जंतूंचे प्राबल्य दिसून आले. त्याआधी २०१४ साली पुण्याच्याच शास्त्रज्ञांनी मानवी मलातून मेगास्फेराची एक नवी जाती शोधून तिला ‘इंडिका’ हे नाव दिले होते. आपल्या आहाराप्रमाणे आपली वस्ती निराळी आहे. बॉस्टनच्या उंदरात सुखाने नांदलेला जंतू डाळभात खाणाऱ्या माणसाच्या आतड्यात नांदेलच असे गृहीत धरता येत नाही. आपला कोटवार आपल्याच गावातून निवडावा लागेल, आणि त्यासाठी आपल्या वस्तीची शिरगणती आधी आपणच केली पाहिजे.

तिसरी गोष्ट सर्वांत महत्त्वाची आहे. जो पहारेकरी दीर्घकाळ टिकतो त्याला परत कसे बोलवावयाचे? औषधाची गोळी बंद केली की तिचा अंमल उतरतो. सजीव उपकरणाचे तसे नाही. ते मलावाटे बाहेर पडते, गटारात जाते, आपल्याकडे तर पुष्कळदा शिवनाथसारख्या नदीपर्यंतही पोचू शकते. एकाच घरात राहणाऱ्या माणसांच्या आतड्यांतील जंतूंची देवाणघेवाण होत असते. म्हणजे एका रुग्णाने दिलेली संमती त्याच्या मुलाबाळांच्या आतड्यापर्यंत पोचू शकेल. हा प्रश्न शास्त्रज्ञांच्या ध्यानात नाही असे नव्हे. २००६ साली क्रोनच्या विकाराच्या १० रुग्णांवर एक प्रयोग प्रसिद्ध झाला. त्यात दुग्धजन्य पदार्थांत आढळणाऱ्या लॅक्टोकॉकस या जंतूत दाह शमविणारे मानवी प्रथिन तयार करणारे जनुक बसविले होते. मात्र ते बसविताना जंतूचे थायमिडिन बनविणारे जनुकच काढून टाकले होते. डीएनए घडविण्यास लागणारा हा घटक बाहेर मिळाला नाही की जंतू मरतो. तो जंतू आतड्यात मुक्काम करणारा नव्हता, त्यामुळे ही योजना सोपी गेली.

मुक्काम करणाऱ्या जंतूचा अनुभव २०२५ साली प्रसिद्ध झाला आहे. अमेरिकेतील संशोधकांनी मूत्रपिंडात खडे होण्यास कारण ठरणारे ऑक्झॅलेट नष्ट करणारा एक जंतू माणसांना दिला. त्याचे जीवन पोर्फिरान या समुद्रशेवाळातील शर्करेवर अवलंबून ठेवले होते. ती शर्करा दिली की तो वाढावा, बंद केली की त्याने निघून जावे, अशी ही योजना होती. बहुतेक लोकांत तसे घडले. पण सर्वांत घडले नाही, आणि जंतूच्या जनुकांची स्थिरता दीर्घकाळ टिकविणे कठीण आहे असेही दिसून आले. पहारेकऱ्याचा निर्वाह आपण ज्या जमिनीवर बांधून दिला, ती काढून घेतल्यावर एखादा पहारेकरी दुसरी जमीन शोधू शकतो, हा त्याचा अर्थ.

येथे आपल्या जुन्या मध्य प्रदेशातील एका घटनेची आठवण होते. डिसेंबर १९८४ मध्ये भोपाळ येथे विषारी वायू पसरला आणि हजारो माणसे मृत्युमुखी पडली. त्यानंतर १९८६ साली पर्यावरण संरक्षणाचा कायदा झाला, आणि त्याच कायद्याखाली १९८९ साली जनुकबदल केलेल्या जिवांची निर्मिती, वापर, आयात व साठवण यांचे नियम करण्यात आले. आधी माणसे मेली आणि मग नियम झाले. आतड्यातील पहारेकऱ्याच्या बाबतीत हा क्रम उलटा ठेवणे आपल्या हाती आहे, कारण नियम आधीच लिहिलेले आहेत आणि पहारेकरी अजून प्रयोगशाळेत आहे.

वर्षानुवर्षे या विकाराने त्रासलेला रुग्ण मला विचारील की, एवढ्या सावधगिरीत माझे आयुष्य निघून गेले तर काय? हा प्रश्न न्याय्य आहे, आणि त्याला टोलवून लावण्याचा अधिकार निरोगी माणसाला नाही. दर वेळी दुर्बिणीची वाट पाहत, प्रत्येक पोटदुखीने घाबरून जगणे ही लहान यातना नव्हे. म्हणूनच हे संशोधन व्हावयास हवे असे माझे स्पष्ट मत आहे. परंतु ज्या गुणामुळे हे उपकरण मोलाचे ठरते, म्हणजे ते आत राहते, वाढते आणि आठवण ठेवते, त्याच गुणामुळे ते धोक्याचेही ठरू शकते. म्हणून अशा प्रत्येक पहारेकऱ्याला तीन प्रश्न विचारले जावेत. तू किती दिवस खरे सांगशील? तू सांगतोस त्यापलीकडचे आम्ही कसे ओळखावे? आणि आम्ही जा म्हटले की तू जाशील काय? पहिल्या प्रश्नाला २०१७ सालच्या प्रयोगाने उंदरांपुरते सहा महिन्यांचे उत्तर दिले आहे. उरलेल्या दोन प्रश्नांची उत्तरे मिळविण्याचे काम शास्त्रज्ञांचे आहे. पण ती मिळाल्याखेरीज पुढे जाऊ नये असा आग्रह धरण्याचे काम आपणां सर्वांचे आहे.